अक्कांचं ग्राफिक्स कार्ड

रविवारी सकाळी आमच्या गावाच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही बसतो. आम्ही म्हणजे मी आणि होटगीचे काका. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांना हा नाद लागला. ज्याला आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम, टाकून घ्यायची असेल त्यानं मशीन घेऊन यावं. आम्ही टाकून देतो, चार गोष्टी शिकवतो, अडलं तर पुढच्या रविवारी परत या म्हणतो. खाली लोक पेपर वाचत असतात म्हणून माडीवर हळू बोलायचा नियम आहे. काकांना तो आजवर पाळता आलेला नाही. जन्मभर गाड्यांच्या आवाजावरून बोललेला माणूस.

नव्या माणसाला लिनक्स म्हणजे काय हे काका असं सांगतात : "ही शिष्टीम जगभरच्या लोकांनी मिळून केलीया. कुणा एकाची न्हाय. म्हणून तुमची बी हाय." बहुतेकांना ते लगेच पटत नाही. फुकट म्हटलं की आपल्याकडे आधी संशयच येतो. पण माणसं येत राहतात. कुणाचं मशीन जुनं झालेलं असतं, कुणाचं व्हायरसनं खाल्लेलं असतं. केम गावच्या एक शिक्षिका शाळेतले सगळे लॅपटॉप पोत्यात घालून रेल्वेनं घेऊन आल्या होत्या.

अक्का आल्या तो रविवार कडक उन्हाळ्यातला होता. जिन्यावरून आधी एक भलामोठा काळा डबा वर आला, मग तो छातीशी धरलेला एक धिप्पाड माणूस, खांद्यावर टॉवेल, आणि त्याच्यामागून भिंतीला हात लावत एक साठीच्या बाई. डबा म्हणजे कॉम्प्युटर होता. विजापूर रोडवरचं एक गेम पार्लर बंद पडलं, तिथून त्या माणसानं तो घेतला होता. मॉनिटर खाली रिक्षात होता.

"आमच्या अक्काचं हाय हे," तो म्हणाला. "तिला मोठं दिसलं पायजे. लई मोठं. तुमच्या त्या शिष्टीममध्ये भिंग असतंय म्हणे."

मी अक्कांना खुर्ची दिली. त्या बसल्या आणि तोंड खिडकीकडे केलं. मी नाव विचारलं, काम विचारलं, त्या उत्तरं देत होत्या, पण माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, बाईंना मनातून इथं यायचंच नव्हतं, भावानं ओढून आणलंय. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी तुमच्याकडंच बघतेय बरं का. मधलं दिसत न्हाय मला. कडंचं दिसतं. तुमाला बघायचं आसलं तर खिडकीकडं तोंड करावं लागतं."

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजत गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पूर्ण अंधार होणार नाही, कडा राहतील. पण गेलेलं परत यायचं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा जिथं असायला हवा तिथं त्यांना एक राखाडी डाग दिसायचा. चेहऱ्याच्या भोवतीचे केस दिसायचे, कान दिसायचे, मागची भिंत दिसायची.

आणि त्या बाई डिझाईन काढणाऱ्या होत्या. आमच्या गावातल्या मागांवर जे वॉलहँगिंग निघतं, म्हणजे भिंतीवर लावायचं विणलेलं चित्र, ते आधी कुणीतरी चौकड्यांच्या कागदावर काढावं लागतं. एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. ती भरायची की रिकामी सोडायची, एवढंच. अशा हजारो चौकटी भरत गेलं की मोर होतो, रथ होतो, नदी होते. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्रावर चढतात, आणि माग ते चित्र विणत सुटतो. घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं हे कुटुंब; अक्का हे काम वडिलांच्या हाताखाली शिकल्या होत्या. लग्न केलं नाही. भावाच्या कारखान्याला लागूनच्या खोलीत बसून त्यांनी आयुष्यभर चौकटी भरल्या. डोळे बिघडल्यापासून हातात पेन्सिल धरली नव्हती.

"कागदाला भिंग लावून बघितलं की," त्या म्हणाल्या. "पण भिंगात एवढंच दिसतं, आन् नेमकं तेवढंच माझं गेलंय."

मला त्यांचं म्हणणं समजलं. त्यांना एखादी गोष्ट नुसती मोठी नको होती, इतकी मोठी हवी होती की ती डागाच्या बाहेर सांडावी.

आम्ही लिनक्स टाकलं. त्यात पूर्ण पडदाच्या पडदा मोठा करायची सोय असते, माऊस न्याल तिकडे चित्र सरकतं. पण हे सगळं झरझर व्हायला कॉम्प्युटरातलं ग्राफिक्स कार्ड नीट चालावं लागतं. ते पडद्यावर चित्र रंगवणारं वेगळं यंत्रच असतं म्हणा ना. त्याची भाषा वेगळी. त्याच्याशी बोलायला मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अक्कांच्या डब्यातल्या कार्डासाठी दोन दुभाषे होते. एक कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं दिलेला : हुशार, वेगवान, पण तो आत काय करतो हे कुणाला बघता येत नाही, कंपनी दाखवत नाही. दुसरा लोकांनी मिळून केलेला, सगळ्यांना उघडा. पण कंपनीनं भाषा शिकवलेली नसल्यामुळे थोडा अडखळणारा.

काकांनी एका क्षणात निकाल दिला. "कंपनीचा टाका आन् विषय संपवा. बाईंना दिसलं पायजे. तत्त्वं आपल्यापाशी."

मलाही ते पटलं. कंपनीचा ड्रायव्हर टाकला, मशीन बंद करून चालू केलं, मॉनिटर जोडला. काय दाखवायचं म्हणून मी भावाच्या खांद्यावरच्या टॉवेलचा माझ्या मोबाईलनं फोटो काढला, तो पडद्यावर आणला आणि मोठा करत नेला. आधी टॉवेल दिसला, मग विणीची चौकड, मग सुताचे दोर. एकेक धागा मनगटाएवढा जाड, त्याचे तंतू सुटलेले, पीळ दिसतोय.

अक्कांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि हात माऊसवर ठेवला. चित्र सावकाश सरकायला लागलं. खोलीत आणखी तीन-चार माणसं होती, तीही जवळ आली. एका जागी अक्कांनी माऊस थांबवला. मग म्हणाल्या, "हितं गाठ हाय. धागा तुटला होता, जोडलाय."

भावानं खांद्यावरचा टॉवेल काढला, उजेडात धरला, बोटानं चाचपत गेला. गाठ सापडली. त्यानं टॉवेल तसाच हातात धरला आणि अक्कांकडे बघत राहिला. अक्का खिडकीकडे बघत हसत होत्या. मी पुष्कळ वर्षं कॉम्प्युटर शिकवते. यंत्र एवढं काही करू शकतं हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

पुढं त्या येत राहिल्या. चित्र काढायचा फुकटचा प्रोग्राम मी त्यांना लावून दिला. एक ठिपका म्हणजे एक चौकट. माऊस, कीबोर्ड, फाईल जतन करणं, सगळं त्या शिकल्या. चुकलं तर "मागं घ्या" म्हणून एक कळ असते, तिचं त्यांना फार कौतुक. "कागदावर खोडलं की डाग राहायचा," म्हणायच्या. "हितं चुकलं तर चुकलंच नव्हतं असं हुतंय की." त्यांनी एक मोठं काम मनावर घेतलं. लहानपणी वडिलांबरोबर नान्नजकडे जाताना माळावर काळविटांचा कळप त्यांच्या बैलगाडीसमोरून उड्या मारत गेला होता, तो त्यांना काढायचा होता. गवत, धूळ, हवेत असलेली काळविटं. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा एका काळविटाचं फक्त शिंग झालं होतं, आणि त्या शिंगाचा पीळ त्या नजरेच्या कडेनं, तोंड भलतीकडे ठेवून, ठिपका ठिपका भरत होत्या. शेजारच्या कारखान्यात माग धडधडत होते, भिंतीला टेकलं तर पाठीत आवाज लागत होता.

वर्ष होत आलं असेल. मी तंत्रनिकेतनात असताना भावाचा फोन आला. "मॅडम, पडदा काळा झालाय. अक्का बोलत न्हाय."

संध्याकाळी गेले. अक्का काळ्या पडद्यासमोर बसून होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे अपडेट घेतलं होतं, मीच शिकवलं होतं, वेळच्या वेळी घेत जा म्हणून. त्यानंतर मशीन चालू व्हायचं, पंखा फिरायचा, पडदा मात्र काळा. मी मशीनला सिस्टीमच्या आधीच्या आवृत्तीतून उठवलं. तशी सोय असते. चित्र आलं, काळविटं जागेवर होती. अक्कांनी माझा दंड धरला तो बराच वेळ सोडला नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ते कार्ड जुनं झालं होतं आणि कंपनीनं त्या जुन्या कार्डांसाठी ड्रायव्हर पुढं नेणं थांबवलं होतं. सिस्टीम पुढं गेली, दुभाषा मागंच राहिला. कंपनीच्या बाजूनं बघितलं तर त्यात विशेष काही नाही. जुन्या मालाला कोण किती दिवस सांभाळणार? पण त्या दुभाष्याचं पोट उघडून कुणी दुसऱ्यानं दुरुस्त करावं म्हटलं, तर त्याला कुलूप.

काकांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, "आवो, जुन्या आवृत्तीवर ऱ्हाऊ द्या की. चालतंय न्हवं?"

"आज चालतंय काका. पण जुन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे."

"मग त्यो दुसरा ड्रायव्हर. लोकांनी केलेला. बघा टाकून."

टाकला. नव्या सिस्टीमवर पडदा लख्ख उजळला. अक्कांनी श्वास सोडला. मग त्यांनी चित्र मोठं करायला घेतलं आणि पडद्यावर चित्राचे तुकडे झाले. गवताचा चौकोन आभाळात, काळविटाचा खूर शिंगाच्या जागी, आणि दोन मिनिटांत मशीन जागच्या जागी गोठलं. साधं काम करायला ड्रायव्हर चांगला होता. अक्कांना जे हवं होतं नेमकं तिथंच तो मोडत होता.

मी म्हटलं, "ज्यांनी हा केलाय त्यांना कळवते."

"कोण लोक हायत ते?" अक्कांनी विचारलं.

"नक्की माहीत नाही. जगभर आहेत. बरेचसे आपलं काम सांभाळून हे करतात."

"आन् कंपनीनं त्यांना काय सांगितलं न्हाय, तर त्यांनी केलं कसं?"

मग मी त्यांना सांगितलं. कंपनीचा ड्रायव्हर कार्डाला आकडे पाठवतो. कुठल्या आकड्याला काय होतं ते बाहेर कुणाला माहीत नाही. ही माणसं मध्ये कान लावून बसतात, गेलेले आकडे टिपून घेतात, पडद्यावर काय झालं ते बघतात, आणि हळूहळू एकेका आकड्याचा अर्थ लावत जातात. असे लाखो आकडे.

अक्का ऐकत होत्या. म्हणाल्या, "वडलांकडं एकदा कुठनं तरी एक जुना विणलेला पडदा आला होता. त्याचं डिझाईन कुणापाशी नव्हतं. मी त्याची कड घेतली आन् एकेक धागा उसवत कागदावर उतरवलं. पावसाळाभर तेच. कापड संपलं तवा डिझाईन झालं. तसंच की हे?"

"तसंच. पण अक्का, त्यांच्या हातात कापड नसतं. माग बंद खोलीत आहे, दाराला कुलूप आहे. बाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरनं आत काय विणलं जातंय ते ओळखायचं."

अक्कांनी भिंतीकडे तोंड केलं. पलीकडे माग चालू होते. त्या आवाजात जन्म गेलेली बाई. कुठल्या मागाचा धागा तुटला हे त्या स्वयंपाक करता करता भावाला ओरडून सांगायच्या. मग म्हणाल्या, "आवाजावरनं सगळं डिझाईन? न्हाय बाई. हे मला सुदीक न्हाय जमायचं. माणसंच हायत न्हवं ती?"

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉलेजात शांत बसून मी त्या लोकांच्या वेबसाईटवर तक्रार लिहिली. तक्रार म्हणजे भांडण नाही. कुठलं कार्ड, कुठली आवृत्ती, काय केल्यावर काय होतं, तुकडे झालेल्या पडद्याचा फोटो. शेवटी एक ओळ घातली, की हे मशीन वापरणाऱ्या बाईंना नजर अंधुक असल्यामुळे चित्र मोठं केल्याशिवाय काम करता येत नाही.

मला वाटलं होतं, महिन्याभरानं कुणीतरी बघेल. सकाळी उठले तर उत्तर आलेलं. लिहिणारा टोपणनावानं लिहीत होता. कुठल्या देशातला, किती वयाचा, पुरुष की बाई, काही कळायला मार्ग नव्हता. मी आपलं 'तो' म्हणते. इंग्रजी त्याचंही माझ्यासारखंच, शिकलेलं. त्यानं आधी आमच्याबद्दल विचारलं : त्या किती मोठं करून बघतात? पडदा केवढा आहे? माऊस हळू नेतात की भरभर? मग म्हणाला, एक मदत हवी आहे. जुन्या आवृत्तीत जा, कंपनीचा ड्रायव्हर चालू करा, आणि तो कार्डाशी काय बोलतो ते सगळं टिपून मला पाठवा.

म्हणजे दाराला कान लावायचं काम आता आमच्यावर आलं होतं.

काका होटगीहून मुद्दाम आले. रविवारही नव्हता. टिपणं चालू केल्यावर मशीन इतकं सुस्त झालं की माऊसचा बाण मुंगीसारखा चालायला लागला. अक्कांना सांगितलं, तुम्ही रोज जे करता तेच करा. त्यांनी काळविटं उघडली आणि मोठी करायला घेतली. चित्र एकेक पट्टी करून रंगत होतं. काका खुर्चीच्या कडेवर बसून बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत्या आवाजात बोलत होते. "सिग्नलचं आसंच असायचं," ते मला म्हणाले. "तार मधी धरायची आन् ऐकायचं." दुपारच्या जेवणापर्यंत एवढी मोठी फाईल तयार झाली की ती तिथून जाईना, पेन ड्राइव्हवर घेऊन मी कॉलेजातून पाठवली. उघडून बघितली होती. ओळीच्या ओळी नुसते आकडे. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही.

आठवडाभर त्या माणसाचा पत्ता नव्हता. मग त्यानं एक छोटासा बदल पाठवला, हा घालून बघा म्हणून. बदल घालायचा म्हणजे सिस्टीमचा गाभाच त्या मशीनवर नव्यानं बांधायचा. त्याला दुपार जाते. डबा तापतो, पंखे ओरडतात, पडद्यावरून ओळी धावत राहतात. अक्का डब्यावर हात ठेवून बसायच्या, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पहिला बदल चालला नाही. दुसऱ्यानं तर पडदा पुन्हा काळा पडला. मी कळवलं. मला फार संकोच वाटत होता, की एक अनोळखी माणूस कुठं तरी आमच्यासाठी खपतोय आणि आम्ही आपले नाही नाही म्हणतोय. अक्कांना तसं वाटत नव्हतं. "चुकलं तर चुकलं सांगायलाच पायजे की," त्या म्हणाल्या. "न्हायतर त्यो पुढचा धागा चुकीच्याच धाग्यावर टाकंल."

मग एके दिवशी त्याचा मोठा मजकूर आला. मी तो कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचला आणि मग खाली बसून परत वाचला. त्याला कारण सापडलं होतं. आमच्या कार्डातल्या मेमरीचा एक भाग कारखान्यातच बंद केलेला होता. असं करतात म्हणे. एक कोपरा सदोष निघाला की तेवढा बंद करायचा आणि बाकीचं कार्ड कमी दर्जाचं म्हणून विकायचं. कंपनीच्या ड्रायव्हरला ते माहीत होतं, तो बंद कोपरा टाळून जायचा. लोकांच्या ड्रायव्हरला माहीत नव्हतं. तो सगळीकडे सारखं वाटत जायचा, आणि बंद कोपऱ्यातलं चित्र भलतीकडे जाऊन पडायचं. लाखो आकड्यांच्या त्या ढिगात एका ठिकाणी कंपनीचा ड्रायव्हर कार्डाला हळूच विचारतो, तुझं काय काय चालू आहे? आणि कार्ड उत्तर देतं. तो एक प्रश्न आणि ते एक उत्तर त्यानं शोधून काढलं होतं.

सोबत नवा बदल होता. एवढासा, की माझ्या मोबाईलच्या पडद्यावर सगळा मावला.

संध्याकाळी आम्ही तो घातला. अक्कांनी काळविटं उघडली, मोठी केली, आणखी मोठी केली. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच डोळा. त्यांनी माऊस झपकन ओढला; डोळा गेला, मान आली, मान गेली, धूळ आली. काही तुटलं नाही. काही अडलं नाही. कंपनीच्या ड्रायव्हरावर जसं चालायचं तसंच. भाऊ कारखान्यातून हात पुसत आला आणि दारातच थांबला.

मी अक्कांना कारण सांगितलं, बंद कोपऱ्याचं. त्या मोठ्यानं हसल्या. "म्हंजे हे कार्ड बी माझ्यासारखंच निघालं की!" आणि लगेच पुढच्या गवताला लागल्या.

मी त्या माणसाला कळवलं, चाललं. आभार कसे मानावेत ते कळेना. सहज विचारलं, तुमच्याकडच्या मशीनवर चालवून बघितलं असेलच ना? त्याचं उत्तर आलं : "माझ्याकडे हे कार्ड नाही. हे मॉडेल मी कधी हातात घेतलेलं नाही. तुम्ही पाठवलं तेवढंच माझ्यापाशी होतं."

ते वाक्य मी काकांना फोनवर वाचून दाखवलं. काकांनी दोनदा वाचायला लावलं. पलीकडे गाडीचा भोंगा वाजून गेला. मग ते म्हणाले, "म्या चाळीस वर्सं सिग्नल दुरुस्त केलं. पर हाताला लागल्याबिगर कंदी काय दुरुस्त केलं न्हाय." पुढच्या रविवारी माडीवर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ही हकीकत सांगितली, इतक्या मोठ्यांदा की खालून ग्रंथपाल दोनदा वर आले.

त्या माणसानं एक गोष्ट आणखी विचारली होती. हा बदल आता मूळ सिस्टीममध्ये जाणार. त्याच्यासोबत अडचण कुणी कळवली त्यांचं नाव लिहायची पद्धत आहे. कुणाचं लिहू? मी लिहिलं, त्या बाईंचं लिहा, मशीन त्यांचं आहे, तपासलंही त्यांनीच. पण अक्कांना विचारायला हवं होतं.

"माझं नाव कशाला?" त्या म्हणाल्या. "मी काय केलं?"

"तुम्ही बसून राहिलात. चाललं नाही तेव्हा नाही म्हणालात."

"कुटं लिहितात?"

मी सांगितलं, जगात जिथं जिथं ही सिस्टीम चालते तिथं तिथं तिचा जो मूळ प्रोग्राम असतो, त्याच्या बदलांच्या नोंदवहीत. कायमचं. कुणालाही वाचता येतं.

भाऊ मध्येच म्हणाला, "अक्काचं नाव कुटंच न्हाय बगा मॅडम. एवढी डिझाईनं काढली, दिल्लीत कुणाच्या हापिसात लागलीयत, परदेशात गेलीयत. कापडावर कारखान्याचं नाव येतं. डिझाईनवाल्याचं कोण लिहितं?" तो तक्रार करत नव्हता, रीत सांगत होता. अक्का उठून चहा ठेवायला गेल्या, आणि आतूनच म्हणाल्या, "लिवा म्हणावं. पण नीट लिवा."

काळविटं पावसाळ्यानंतर पुरी झाली. भावानं पुठ्ठे करून घेतले आणि आपल्याच मागावर चढवले. कापड निघालं त्या दिवशी मी गेले होते. मागावर चित्र पायाकडून वर येतं. आधी गवत आलं, मग धूळ, मग हवेतले खूर. हवेतली जनावरं खालून वर उगवत होती. कामगार आपापले माग सोडून भोवती उभे राहिले. अक्का बाजूला स्टुलावर बसल्या होत्या, तोंड भलतीकडे, आणि कापड पुढं सरकेल तसा त्याच्यावर तळवा ठेवत होत्या. त्याचा फोटो मी त्या माणसाला पाठवला. त्यानं लिहिलं की तो फोटो त्यानं त्याच्या पडद्यावर लावलाय, आणि ही कुठली हरणं? मी सांगितलं, आमच्याकडची.

मग हिवाळ्यात सिस्टीमची नवी आवृत्ती आली. नेहमीचंच अपडेट, अक्कांनी स्वतः घेतलं. या वेळी मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. पूर्वी आम्ही हातानं घातलेला बदल आता सगळ्यांसाठी आपोआप आला होता. आमच्या जुन्या तक्रारीखाली कुणी तरी लिहिलं होतं की त्याचंही मशीन याच कार्डाचं, वडिलांचं होतं, कपाटात ठेवून दिलं होतं, आज पुन्हा चालू झालं. मी ते अक्कांना मराठीत सांगितलं. "त्यांचा पण पडदा काळा झाला होता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मग मी त्या बदलाची नोंद उघडली. मधे सगळा तांत्रिक मजकूर होता आणि खाली, अडचण कळवणाऱ्याचं नाव. अक्कांना इंग्रजी अक्षरं येतात. लहानपणी शाळेत शिकलेली. त्यांनी चित्र मोठं केलं. एक अक्षर पडद्यावर मावेना इतकं. चेहरा खिडकीकडे वळवून त्यांनी ते कडेनं बघितलं, मग माऊस हळूच उजवीकडे सरकवला. पुढचं अक्षर आलं. ते गेलं, त्याच्या पुढचं आलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी आणि भाऊ मागे उभे होतो. शेवटचं अक्षर गेलं आणि पडदा पांढरा झाला, तरी त्या सरकवतच होत्या, पुढं आणखी काही आहे का बघत.

मग तेलुगूत भावाला काही तरी म्हणाल्या. त्याला हसू आवरेना.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतीय," तो डोळे पुसत म्हणाला, "स्पेलिंग बरोबर हाय."